शासकीय खरेदीतील पर्यावरणीय अटी

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था व शासकीय उपक्रम यांना वस्तू, बांधकामे किंवा सेवा पुरविण्यासाठी निविदा भरणाऱ्या पुरवठादारांवर हवा, पाणी, जमीन, वने व ऊर्जा यांच्या रक्षणासाठी घातलेल्या अटी. अशा अटींनुसार केलेल्या खरेदीस ‘हरित खरेदी’ असे म्हणतात. पर्यावरणाबरोबरच कामगारांचे वेतन, लघुउद्योगांचे हित इ. सामाजिक बाबीही विचारात घेतल्यास तीस ‘शाश्वत खरेदी’ म्हणण्याचा प्रघात आहे.

कोणत्याही आधुनिक राज्यात शासन हे सर्वांत मोठे ग्राहक असते. भारतात सर्व शासकीय संस्थांची मिळून होणारी खरेदी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक-पंचमांश असावी, असा अंदाज केला जातो. प्रदूषणविषयक कायदा उत्पादकास काय करू नये ते सांगतो. त्याचे उल्लंघन झाल्यास शिक्षा करतो. खरेदीची अट मात्र चांगल्या रीतीने उत्पादन करणाऱ्यास बाजारपेठ मिळवून देते. त्यामुळे एखादी वस्तू प्रथम शासनासाठी तयार होऊ लागली, की तिचे उत्पादन वाढून किंमत उतरते व ती सामान्य ग्राहकाच्याही आवाक्यात येते. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता सेवा कंपनीने एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी सुरू केली, तेव्हा २०१४ च्या प्रारंभी एका दिव्याचा खरेदी दर सुमारे ३१० रुपये होता. २०१६ मध्ये तो ४० रुपयांच्या खाली आला.

या विषयाच्या अभ्यासात वर्धा जिल्ह्याचे उदाहरण दोन कारणांनी उपयुक्त ठरते. वस्तू विकत घेणारा हा ती वस्तू ज्या रीतीने तयार झाली त्या रीतीसही जबाबदार असतो, हा विचार १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत पद्धतशीरपणे मांडला गेला व त्यानुसार खरेदीचे प्रयोगही झाले. दुसरे कारण असे, की औष्णिक वीजकेंद्रांनी वेढलेल्या पूर्व विदर्भाला लागून हा जिल्हा वसलेला असल्याने रस्ते व इमारती यांच्या आजच्या शासकीय कंत्राटांतील राख, मुरूम, वाळू इत्यादींविषयीच्या अटी येथे प्रत्यक्ष लागू होतात.

अटींचे प्रकार : निविदेच्या कोणत्या टप्प्यावर अट लागू होते, त्यानुसार तिचे चार प्रकार पडतात. (१) पात्रतेच्या अटी : पुरवठादाराजवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, खाणपट्टा, परवाना इ. असलेच पाहिजे, अशी अट. ती पूर्ण न करणाऱ्याची निविदा उघडली जात नाही किंवा उघडून फेटाळली जाते. (२) तांत्रिक विनिर्देश : वस्तू कशी असावी हे सांगणारी अट. उदा., पंख्यास ऊर्जाबचतीचे किती तारे असावेत, कागदात रद्दीचे प्रमाण किती असावे, विटेत राख किती असावी. (३) मूल्यांकनाचे निकष : सर्व पात्र निविदांची तुलना करताना पर्यावरणीय गुणांस दिलेले महत्त्व. (४) कामाच्या काळातील अटी : काम मिळाल्यानंतर पाळावयाच्या गोष्टी. उदा., धूळ बसविण्यासाठी पाणी मारणे, तोडलेल्या वृक्षांच्या बदल्यात वृक्ष लावणे, खोदलेले खड्डे भरणे, रिकामी वेष्टने परत नेणे.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारच्या अटी कागदपत्रे किंवा प्रयोगशाळेतील चाचणी यांवरून तपासता येतात. चौथ्या प्रकारची अट तपासण्यास प्रत्यक्ष कामावर जावे लागते व एकदा जाऊन भागत नाही. म्हणून ती घालणे सर्वांत सोपे, तर पाळून घेणे सर्वांत कठीण असते. तिसऱ्या प्रकारच्या अटींचा वापर भारतात अद्याप मर्यादित आहे. कारण येथील खरेदीचा सर्वसाधारण नियम तांत्रिक दृष्ट्या योग्य ठरलेल्यांपैकी न्यूनतम दराची निविदा स्वीकारण्याचा आहे.

मगनवाडीतील विचार व प्रयोग : महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी संघासाठी आपली बाग दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव देण्यात आले. श्रीकृष्णदास जाजू हे संघाचे अध्यक्ष व जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (१८९२–१९६०) हे चिटणीस होते. हातकागद, तेलघाणी, गूळ, मधमाशीपालन, कातडी कमावणे इ. उद्योगांचे संशोधन व शिक्षण तेथे चाले. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील तेथेच तयार झाला. तेथील मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले.

कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेब तपासनीसाचे व पुढे अमेरिकेत सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे शिक्षण घेतलेले अर्थशास्त्रज्ञ होते. वस्तूची बाजारातील किंमत म्हणजे तिचा पूर्ण हिशेब नव्हे, ही त्यांच्या प्रतिपादनाची मुख्य दिशा होय. कोळसा, खनिज तेल यांसारख्या साठ्यांवर चालणारी अर्थव्यवस्था व दरवर्षी नव्याने उपजणाऱ्या लाकूड, धान्य, पशुशक्ती इ. साधनांवर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद त्यांनी केला. साठा वापरणारी वस्तू आज स्वस्त वाटली, तरी तिच्या किंमतीत साठा संपण्याचे मूल्य धरलेले नसते, हे त्यांनी दाखवून दिले. इकॉनॉमी ऑफ परमनन्स (१९४५) या त्यांच्या ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे. उत्पादनात शोषण वा नाश झाला असेल, तर ती वस्तू घेणारा त्यात सहभागी होतो, असे ते मानीत. ‘पर्यावरणीय अट’ ही संज्ञा तेव्हा रूढ नव्हती. परंतु आजच्या हरित खरेदीच्या मुळाशी असलेली दोन्ही तत्त्वे, म्हणजे संपूर्ण खर्चाचा हिशेब व खरेदीदाराची जबाबदारी, या मांडणीत स्पष्टपणे आढळतात.

या विचारास व्यवहाराचीही जोड होती. अखिल भारत चरखा संघ (स्थापना १९२५) हा खादी उत्पादक व विक्रेते यांना प्रमाणपत्रे देत असे. कातणाऱ्यास निर्वाहापुरती मजुरी मिळावी, असा निर्णय संघाने १९३५ साली घेतल्यावर ती देणे ही प्रमाणपत्राची अट बनली. वस्तूच्या दर्जाबरोबर तिच्या उत्पादनाची रीत तपासून मगच तिला बाजारात मान्यता देण्याची ही पद्धत आजच्या प्रमाणनाशी जुळणारी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याच्या मंडपासाठी व सजावटीसाठी बांबूसारखे स्थानिक साहित्य वापरावे, असा गांधीजींचा आग्रह होता व चित्रकार नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली तो पाळला गेला. मोठ्या सार्वजनिक कार्यासाठी साहित्य कोठून व कसे आणावयाचे, याची अट आधी ठरवून कलात्मक योजना तिच्यात बसविल्याचे हे ठळक उदाहरण होय. सेवाग्राम येथील माती, लाकूड, बांबू व कवेलू यांच्या कुट्याही त्याच दृष्टीने बांधलेल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतरची आरक्षणे : खादी व ग्रामोद्योग आयोगाचा अधिनियम १९५६ साली संमत झाला व १९५७ मध्ये आयोगाचे काम सुरू झाले. मगनवाडीत १९५५ पासून जमनालाल बजाज यांच्या नावाची ग्रामोद्योग संशोधन संस्था होती. पुनर्रचनेनंतर २००८ पासून ती ‘महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था’ या नावाने काम करते. या काळात शासनाने खादी व हातमाग यांना खरेदीत आरक्षण दिले. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १५३ अन्वये हातकताई-हातविणीचे कापड खादी व ग्रामोद्योग आयोगाकडूनच घ्यावयाचे असते. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी २०१२ साली काढलेल्या आदेशाने ३५८ वस्तू केवळ त्यांच्याकडून घेण्यासाठी राखून ठेवल्या. केंद्रीय मंत्रालये व उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करावी, असे बंधन आहे. २०१८ पूर्वी हे प्रमाण २० टक्के होते.

ही आरक्षणे रोजगारासाठी दिलेली आहेत. खादीस वीज कमी लागते, हा तिचा पर्यावरणीय गुण खरा असला, तरी तो आरक्षणाच्या अटींत मोजला जात नाही. सूत ज्या कापसाचे आहे तो कीटकनाशकांच्या भरपूर फवारणीने पिकविलेला असेल किंवा रंगाईचे पाणी उघड्या नाल्यात सोडले जात असेल, तर तयार कापडावर त्याचा मागमूस दिसत नाही. वर्धा हा कापसाचा जिल्हा असल्याने हा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही. सेंद्रिय कापूस व वनस्पतिजन्य रंग यांचे प्रयोग जिल्ह्यातील संस्थांनी केले आहेत. परंतु साधी खादी व अशी खादी यांत शासकीय खरेदी सहसा भेद करीत नाही. परिणामी अधिक श्रम घेणाऱ्यास अधिक दर मिळत नाही.

उत्पादनाच्या रीतीवर घातलेल्या अटीचे सर्वपरिचित उदाहरण राष्ट्रध्वजाचे आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार ध्वज हातकताई-हातविणीच्या लोकरी, सुती वा रेशमी खादीचाच असणे आवश्यक होते व भारतीय मानक संस्थेने त्यासाठी तपशीलवार मानक ठरवून दिले होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासही परवानगी मिळाली. त्यामुळे ध्वज स्वस्त व मुबलक झाले. मात्र ध्वजासाठीच जाड व पातळ खादी विणणाऱ्या केंद्रांची हमखास मागणी घटली. खरेदीची अट ज्या उत्पादनास आधार देते, ते उत्पादन अट सैल होताच किती लवकर अडचणीत येते, हे यावरून दिसून येते.

अन्य देशांतील विकास : अमेरिकेच्या १९७६ च्या साधनसंवर्धन कायद्याने केंद्रीय खात्यांना पुनर्निर्मित द्रव्य असलेल्या वस्तूंना प्राधान्य देण्यास सांगितले. १९९२ च्या रिओ द जानेरो परिषदेनंतर या धोरणास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जपानने २००० साली हरित खरेदीचा स्वतंत्र कायदा केला व तो २००१ पासून अंमलात आला. यूरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशांनी वस्तूच्या संपूर्ण आयुष्याच्या खर्चावर निविदांची तुलना करण्यास स्पष्ट परवानगी दिली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांपैकी बाराव्या ध्येयात शाश्वत शासकीय खरेदीचा समावेश आहे.

अशा अटींची कायदेशीर मर्यादा कोणती, याविषयी यूरोपीय न्यायालयाचा १७ सप्टेंबर २००२ चा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. हेलसिंकी शहराने १९९७ मध्ये बससेवेच्या निविदांत कमी धूर व कमी आवाज यांसाठी जादा गुण ठेवले होते. शहराच्या स्वतःच्याच बसकंपनीस त्याचा लाभ झाल्याने प्रतिस्पर्धी कंपनीने हरकत घेतली. न्यायालयाने असे ठरविले, की अट कंत्राटाच्या विषयाशी निगडित असावी, निविदेत आधीच स्पष्ट लिहिलेली असावी व तिने खरेदीदारास अमर्याद मोकळीक देऊ नये; या मर्यादा पाळल्यास ती थोड्याच पुरवठादारांना पूर्ण करता येते एवढ्यावरून अवैध ठरत नाही.

भारतातील चौकट : हरित खरेदीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात झालेला नाही, या विषयाच्या अभ्यासासाठी वित्त मंत्रालयाने २०१८ साली कृतिगट नेमला होता. सध्याच्या अटी निरनिराळ्या कायद्यांतून व आदेशांतून आलेल्या आहेत. जलप्रदूषण अधिनियम (१९७४) व वायुप्रदूषण अधिनियम (१९८१) यांखाली कारखाने, खडी केंद्रे, डांबरमिश्रण यंत्रे इत्यादींना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते व निविदेत तिची मागणी केली जाते. मोठ्या प्रकल्पांना १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीतील अटी प्रकल्पाचा मालक कंत्राटात घालून ठेकेदारावर सोपवितो. शासकीय कार्यालयांसाठी विजेची उपकरणे घेताना ऊर्जा कार्यक्षमता विभागाने ठरविलेल्या किमान तारांकित दर्जाचा आग्रह सामान्य वित्तीय नियमांतच आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून व देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी असल्याने त्या पुरवठ्याच्या यादीतूनही वगळल्या गेल्या.

पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी केंद्र शासनाने १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना सुरू केली. मातीचे मडके हे तिचे बोधचिन्ह होय. साबण, कागद, रंग, वेष्टने इ. वर्गांसाठी निकष ठरले. परंतु परवाना घेणारे उत्पादक फारच थोडे निघाले. चिन्ह असलेली वस्तूच घ्यावी, असे शासनाच्या खरेदी नियमांनी सांगितले नव्हते. त्यामुळे उत्पादकास चाचणीचा व परवान्याचा खर्च करण्याचे कारण उरले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम अधिसूचित झाले.

मातीच्या भांड्यांचा दुसरा प्रयोग रेल्वेचा आहे. २००४ साली रेल्वे स्थानकांवर चहासाठी कुल्हड वापरण्याचे आदेश निघाले. पण पुरेसा व नियमित पुरवठा न झाल्याने काही वर्षांतच ते मागे पडले व पुढे पुन्हा तसे प्रयत्न झाले. कुंभाराकडे साठवणुकीस जागा, भट्टीस भांडवल व वाहतुकीची सोय नसताना केवळ मागणी निर्माण केल्याने पुरवठा उभा राहत नाही. शिवाय कुल्हडासाठी माती व भट्टीसाठी सरपण लागते. तेव्हा तो कागदी पेल्याहून किती चांगला, हे भट्टीच्या प्रकारावर अवलंबून राहते.

राखेची अट : शासकीय बांधकामांवरील पर्यावरणीय अटींपैकी कोळशाच्या राखेची अट सर्वांत जुनी व तपशीलवार आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने औष्णिक केंद्रांजवळ तिचे डोंगर व तलाव साचतात. कोराडी केंद्राच्या राखतलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटून परिसरातील शेते व नाले राखेच्या गाळाने भरले होते. दुसरीकडे विटांसाठी शेतांतील वरची सुपीक माती खरवडली जाते. एकाच अटीने दोन्ही प्रश्न सुटावेत, या हेतूने १४ सप्टेंबर १९९९ ची अधिसूचना निघाली. तिने औष्णिक केंद्रापासून ५० किमी.च्या आत विटा करताना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. हे अंतर २००३ मध्ये १०० किमी. व २०१६ मध्ये ३०० किमी. झाले. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेनुसार ३०० किमी.च्या आतील रस्ते, भराव, उड्डाणपूल इ. कामे करणाऱ्या संस्थांना राख वापरणे बंधनकारक आहे. मात्र त्यासाठी वीजकेंद्राने ती स्वखर्चाने कामावर पोहोचविली पाहिजे, असे तत्त्व तीत आहे. राखेच्या विटांबाबत, त्या पर्यायी विटांपेक्षा महाग पडू नयेत, अशी अट आहे.

कोराडी, खापरखेडा, मौदा व चंद्रपूर ही केंद्रे ३०० किमी.च्या आत असल्याने संपूर्ण वर्धा जिल्हा या अटीखाली येतो. अटीचा आशय येथील जमिनीमुळे अधिक स्पष्ट होतो. जिल्ह्यातील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे ती रस्त्याच्या भरावास चालत नाही. भरावासाठी मुरूम आणावा लागतो व त्यासाठी टेकड्या आणि पडीक माळ खोदले जातात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याचा सुमारे ५८ किमी. लांबीचा पट्टा सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो. एवढ्या लांबीच्या उंच भरावास किती मुरूम लागतो, याची कल्पना सहज करता येईल. बोर व्याघ्र प्रकल्पही (२०१४) याच जिल्ह्यात असल्याने उत्खनन कोठे होते, यास येथे विशेष महत्त्व आहे.

राख वापरली, की प्रश्न संपला असे होत नाही. ती उघडी राहिल्यास उडते व पाण्याबरोबर तिच्यातील जड धातू झिरपू शकतात. म्हणून भारतीय रस्ते महासभेच्या २००१ च्या मार्गदर्शिकेनुसार भरावातील राखेच्या बाजूंना व वर मातीचे आवरण द्यावे लागते. हे आवरण मोजमाप पुस्तिकेत स्वतंत्र बाब म्हणून नोंदले व त्याचे पैसे दिले, तरच ठेकेदार ते नीट घालतो. ‘योग्य काळजी घ्यावी’ एवढे लिहून तसे होत नाही.

गौण खनिजे : मुरूम, वाळू, खडी व माती यांचे उत्खनन महाराष्ट्रात २०१३ च्या गौण खनिज नियमांनी नियंत्रित होते. लहान खाणींनाही पर्यावरणीय मंजुरी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या निर्णयात सांगितले. सार्वजनिक कामांच्या व्यवहारात या अटीची अंमलबजावणी देयकाच्या वेळी होते. ठेकेदाराने स्वामित्वधन भरल्याच्या पावत्या जोडाव्या लागतात. न जोडल्यास तेवढी रक्कम देयकातून कापून घेतली जाते. या पद्धतीने शासनाचा महसूल बुडत नाही. पण अवैध ठिकाणाहून काढलेल्या मुरुमाचेही पैसे कापून घेऊन प्रकरण मिटल्यासारखे होते. नदीचे पात्र वा टेकडी खचली असेल, तर ती त्या कपातीने भरून येत नाही. महसूल गोळा करण्याची तरतूद व पर्यावरणाची अट या भिन्न बाबी आहेत. ही अट अर्थपूर्ण व्हावयाची असेल, तर साहित्य येण्यापूर्वी खाणीचे ठिकाण, तिची मंजुरी व काम संपल्यावर खड्ड्याची करावयाची व्यवस्था तपासली गेली पाहिजे.

न्यूनतम दर व आयुःखर्च : न्यूनतम दराची निविदा स्वीकारण्याचा नियम पक्षपात टाळण्यासाठी आहे व त्याचे महत्त्व कमी नाही. मात्र ‘दर’ म्हणजे काय, हे ठरविणे आवश्यक असते. उदाहरणादाखल, ७५ वॉटचा साधा पंखा १,५०० रुपयांस व ३० वॉटचा पंखा २,८०० रुपयांस मिळतो असे धरू. वर्षाचे २५० दिवस रोज १० तास तो चालल्यास दुसऱ्या पंख्यामुळे वर्षाला सुमारे ११२ युनिट वीज वाचते. ८ रुपये दराने हे सुमारे ९०० रुपये होतात. म्हणजे १,३०० रुपयांचा जादा खर्च दीड वर्षाच्या आत वसूल होतो. खरेदी किंमत, वापराचा खर्च, दुरुस्ती व शेवटी विल्हेवाट यांच्या बेरजेस ‘आयुःखर्च’ म्हणतात. निविदेत ही बेरीज करण्याचे सूत्र आधीच दिले, तर न्यूनतम दराचा नियम न मोडता पर्यावरणीय गुणास योग्य स्थान मिळते. अडचण मुख्यतः हिशेबशीर्षांची असते: पंखा एका शीर्षाखाली घेतला जातो, विजेचे बिल दुसऱ्या शीर्षातून दिले जाते आणि राखतलाव फुटल्यास त्याची झळ कोणत्याच शीर्षात येत नाही. कुमारप्पांनी दाखविलेला अपुरा हिशेब तो हाच होय.

लहान पुरवठादार : प्रमाणपत्र, चाचणी, ऑनलाइन नोंदणी व गेल्या वर्षांची उलाढाल यांच्या अटी मोठ्या उद्योगास सहज पेलतात. हातमागावर विणणारी संस्था, कुंभार, बांबूकाम करणारे कुटुंब किंवा महिलांचा बचत गट यांचे उत्पादन मुळातच कमी वीज व कमी रसायने वापरणारे असू शकते. परंतु ते तसे आहे हे सिद्ध करण्याचे साधन त्यांच्याजवळ नसते. अशा वेळी पर्यावरणीय अट तिला आधीपासून पूर्ण करणाऱ्यांनाच बाहेर ठेवते. बयाणा रकमेतील सूट व वर उल्लेखिलेले २५ टक्क्यांचे बंधन हे यावरील अंशतः उपाय आहेत. एकेका उत्पादकाऐवजी गटास वा सहकारी संस्थेस प्रमाणपत्र देणे, चाचणीचा खर्च खरेदीदार संस्थेने सोसणे व मगनवाडीतील संस्थेसारख्या सार्वजनिक प्रयोगशाळांचे दाखले ग्राह्य धरणे हे उपाय अधिक परिणामकारक ठरू शकतात. चरखा संघाच्या प्रमाणपत्र पद्धतीत तपासणीचा भार कातणाऱ्यावर नसून संघावर होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

मूल्यमापन : आतापर्यंतच्या अनुभवावरून खरेदीच्या पर्यावरणीय अटीचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते. तिची किंमत दरसूचीत धरलेली असावी, ती ठरावीक व्यक्तीने ठरावीक वेळी तपासावयाची असावी आणि ती लहान पुरवठादारास पूर्ण करता येण्याजोगी असावी. एलईडी दिव्यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बव्हंशी जुळल्या. इकोमार्कच्या बाबतीत पहिली व कुल्हडाच्या बाबतीत तिसरी जुळली नाही. मुरुमाच्या बाबतीत दुसरी अद्याप अपुरी आहे. वर्धा जिल्ह्यात ग्रामपंचायतीच्या रस्त्यापासून महामार्गापर्यंत सर्व कामांना हीच कसोटी लावता येते. अटी वाढविण्यापेक्षा असलेल्या अटींची मोजणी, देयक व तपासणी यांची सांगड घालणे हे यापुढील प्रशासनाचे मुख्य काम राहील.